काचेवरचे पूट

थराला मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक बदनाम आहेत. पूट, मुलामा, आवरण, पडदा, काजळी, झापड. 'वरून मुलामा आहे' असे म्हटले की आत पितळ आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. वेदान्ताने तर अविद्येच्या दोन शक्तींपैकी एकीला नावच 'आवरण' दिले: ही दोरी झाकते, आणि दुसरी, विक्षेप, तिच्या जागी साप उभा करते. आपल्या समीक्षेनेही हा वारसा निमूटपणे चालविला आहे. अमुक लेखक अमुक वादाचा चष्मा लावून पाहतो, असे आपण लिहितो तेव्हा गृहीत हे असते की चष्मा उतरविला की जग स्वच्छ दिसेल. ज्याला फळ्यावरचे अक्षर चष्म्याशिवाय दिसत नाही अशा विद्यार्थ्यास हे रूपक किती विचित्र वाटत असेल याचा विचार, आमच्या माहितीप्रमाणे, फारसा कोणी केलेला नाही.

चष्म्याच्या भिंगावर जे थर चढवितात त्यांचा इतिहास या सगळ्या शब्दसंपत्तीला छेद देणारा आहे. त्यात एक थर असा आहे की तो काचेवर चढविल्यावर काच अधिक पारदर्शक होते. मध्ये काही घातले आणि पलीकडचे जास्त दिसू लागले, ही गोष्ट आपल्या भाषेच्या सवयीत बसत नाही. म्हणूनच ती येथे सांगावीशी वाटते. सांगताना आम्ही औंध संस्थानाचा आधार घेणार आहो. भिंगांवरील थरांचा शोध औंधास लागला असे मुळीच नाही. परंतु काच, रंग आणि दृष्टी यांचे प्रश्न त्या चिमुकल्या संस्थानात ज्या दाटीने एकत्र आले तसे महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच आले असतील.

औंध हे बहात्तर गावांचे संस्थान. तेही सलग नाही. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, थोडे विजापूरकडेही, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. राजधानी खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचे अखेरचे प्रसिद्ध अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे हट्टी प्रचारक होते. १९३९ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याची घटना जाहीर केली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्यांच्या आश्रयाने दोन कारखाने उभे राहिले, त्या दोहोंचाही आपल्या विषयाशी संबंध आहे.

पहिला किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना खरे तर चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे असे ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही. त्यांच्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व होते. रंग सुटला, रेषा राहिली. त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले, पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिकविले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि शेवटी लोखंडी नांगरापर्यंत येऊन पोहोचले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा त्यांना कुंडलजवळचा माळ देणारे बाळासाहेब पंत, म्हणजे रंगात बुडालेला राजा. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला चित्रकार राजाने आसरा द्यावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीत आला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते. मराठी वाचकावर या माळाचे ऋण आणखी एक आहे: 'किर्लोस्कर खबर' (१९२०), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही मासिके तेथूनच निघाली.

लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस कोणता चष्मा उपयोगी पडला असता? उत्तर 'कोणताही नाही' असे आहे. भिंग प्रकाशाची किरणे वळवून प्रतिमा पडद्यावर नेमकी आणते; प्रतिमा कोठे पडावी एवढाच तिचा अधिकार. रंग ओळखणे हे डोळ्याच्या पडद्यावरील शंकूपेशींचे काम, आणि त्या पेशींतील एका द्रव्यात जन्मतः उणीव असेल तर ती काचेने भरून येत नाही. अलीकडे रंगांधांसाठी म्हणून विशिष्ट थर दिलेले चष्मे विकले जातात. तांबडा आणि हिरवा यांच्या सीमेवरचा प्रकाशपट्टा ते गाळून टाकतात, त्यामुळे काहींना या दोन रंगांतले अंतर अधिक ठळक भासते. हे अंतर वाढते, पण सामान्य रंगदृष्टी येत नाही. जाहिराती वाचताना हा फरक लक्षात ठेवणे बरे.

दुसरा कारखाना काचेचाच. स्वदेशीच्या काळात, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. टिळकांचा त्यास पाठिंबा होता आणि परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. या लाटेतच ओगले बंधूंनी १९१६ साली कराडजवळ, औंधकरांच्या साहाय्याने, आपला कारखाना उभारला. वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथील 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचे नावही प्रभाकर. कारखाना आता बंद आहे. नाव गावाला चिकटून राहिले आहे.

कंदिलाच्या काचेचा आणि चष्म्याच्या भिंगाचा संबंध दूरचा वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो: काचेने मध्ये उभे राहावे, वारा किंवा धूळ अडवावी, आणि तरीही नसल्यासारखे असावे. हे काचेला पूर्णपणे साधत नाही. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने किंवा रांगोळीने घासून लख्ख करणारी मुले वाढत होती त्या काळातही, काजळीचा कणही नसलेली काच थोडा उजेड परत फेकतच होती. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के मागे वळतो. भिंगास पृष्ठभाग दोन, तेव्हा सुमारे ८ टक्के. कंदिलात हे कोणी मोजत नाही. पण दुर्बिणीत किंवा कॅमेऱ्यात पाच भिंगे एकामागे एक असली तर पृष्ठभाग दहा होतात आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रकाश वाटेतच गळतो. शिवाय गळलेला सगळाच प्रकाश बाहेर जात नाही. आतल्या आत आपटत तो प्रतिमेवर धुकट छटा पसरवतो. चष्म्यातही हेच घडते: रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची भुते दिसतात, आणि पाठीमागची खिडकी भिंगाच्या आतल्या अंगावर उमटून वाचणाऱ्याच्या ओळींत येऊन बसते. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंद ठेवले की तो लाल दिसतो, हा आपल्या दर्शनग्रंथांचा आवडता दृष्टान्त. निर्मळ वस्तू शेजारच्याचे रूप घेते. या दृष्टान्तात स्फटिकास दोष नाही. भिंगास मात्र आहे.

आता मूळ गोष्ट. १८८६ साली लॉर्ड रॅले यांनी एक विपरीत निरीक्षण नोंदविले होते की जुनी, किंचित मळकटलेली काच नव्या काचेपेक्षा कमी प्रकाश परत फेकते. १८९२ साली इंग्लंडात यॉर्क येथील कुक कंपनीच्या दुर्बिणी तयार करणारे हॅरल्ड डेनिस टेलर यांना हेच दुर्बिणीच्या भिंगांत आढळले. वर्षानुवर्षे हवा खाऊन भिंगावर निळसर-जांभळी झाक आली होती. ग्राहकांच्या लेखी ती भिंगे खराब झालेली. टेलर यांनी ती तपासली, आणि नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा त्यांतून प्रकाश अधिक येत होता! गंजाने काच सुधारली होती. आम्हांस या साऱ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. ग्राहकाची तक्रार खोटी होती असे नव्हे. भिंगाचा रंग बदललाच होता. पण 'डाग' हा शब्द वापरल्यावर पुढे पाहण्याचे कारणच उरत नाही, आणि टेलर यांनी तो शब्द न स्वीकारता मोजमाप केले. पुढे त्यांनी रसायने लावून काचेला मुद्दाम वार्धक्य आणण्याचे प्रयत्न केले, १९०४ साली त्याचे पेटंटही घेतले. परंतु दोन काचा सारख्या मुरत नसत. लोणच्याप्रमाणे, एक बरणी साधे, दुसरी बिघडे.

असे का होते, याचे उत्तर तरंगांत आहे. काचेवर एक अतिशय पातळ थर असेल तर प्रकाश दोनदा परततो, एकदा थराच्या वरच्या अंगावरून आणि एकदा थर व काच यांच्या सांध्यावरून. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी ठेवली तर दुसरा तरंग जाऊन-येऊन अर्ध्या लांबीने मागे पडतो. पहिल्याचा माथा आणि दुसऱ्याची दरी एकावर एक येतात, दोघे एकमेकांना मिटवितात. परतणारा प्रकाश मिटला की तेवढा पुढे जातो. प्रकाशाच्या हिशेबात काही बुडत नाही. अट आणखी एक: थराचा वक्रीभवनांक हवा आणि काच यांच्या बरोबर मध्ये, काचेच्या अंकाच्या वर्गमुळाइतका हवा. सामान्य काचेसाठी हा अंक सुमारे १.२३ येतो आणि इतका कमी अंक असलेला टिकाऊ घन पदार्थ हाती नव्हता. १.३८ अंकाच्या मॅग्नेशियम फ्लोराइडवर भागवावे लागले. तरीही पृष्ठभागामागे ४ टक्क्यांचे १ टक्क्याच्या थोडे वर झाले. थराची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतला एक. माणसाचा केस याच्या काही शेपट जाड असतो.

इतके पातळ पूट सारखे चढवायचे कसे, ही खरी कारागिरी. येनाच्या झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली ती साधली. निर्वात पात्रात पदार्थ तापवून त्याची वाफ भिंगावर बसू द्यायची. कढत भातावरच्या झाकणावर पाणी धरते तसे. जर्मन सैन्याच्या दुर्बिणींसाठी ते तंत्र युद्ध संपेपर्यंत गुपित राहिले. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी १९३६ साली स्वतंत्रपणे तीच वाट चोखाळली. आणि १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीने काचेवर साबणाच्या जातीच्या पदार्थाचे एकेका रेणूएवढे जाड असे ४४ थर एकावर एक चढवून जवळजवळ अदृश्य काच तयार केली. बोट फिरविले की तो थर पुसला जाई. विज्ञानाच्या दृष्टीने परिपूर्ण, वापराच्या दृष्टीने निरुपयोगी. पण तिने थर मोजून, एकेक करून चढविता येतो हे दाखविले, आणि तेवढे पुरेसे होते.

नेमक्या त्याच १९३८ साली औंधच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालयाची वास्तू उभी राहिली. राजा रविवर्म्याची तैलचित्रे, धुरंधरांची चित्रे, देशोदेशींचे शिल्पनमुने, सारे बाळासाहेबांनी जमविलेले. दालनांत नैसर्गिक उजेड वरून येईल अशी योजना आहे, आणि ती केवळ सोय नव्हे. समोरच्या खिडकीतून उजेड आला असता तर तैलचित्रांची चकाकी आणि चौकटींच्या काचा यांत पाहणाऱ्यास स्वतःचा फेटाच दिसला असता. वास्तूने केलेले हे चकाकीचे निवारण ब्लॉजेटबाईंच्या थराहून जुन्या परंपरेतले.

तैलचित्रावरचे रोगण हाही एक थरच, आणि त्यास आपण क्वचितच थर म्हणून ओळखतो. वाळलेल्या तैलरंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्यावर प्रकाश विखुरतो आणि गडद रंग फिकट, पांढुरके दिसतात. रोगण त्या खळग्या भरून काढते. नदीतला गोटा ओला असताना जो रंग दाखवितो आणि वाळल्यावर हरवितो, तोच हा प्रकार. शिवाय धूळ, धूर, हात, सारे रोगणावर बसते, रंगावर बसत नाही. ते पिवळे पडले की जाणकार माणूस ते उतरवून नवे चढवितो. म्हणजे चित्ररक्षकाचे रोगण एकाच वेळी पाहण्याचे साधन आणि बळी जाणारे कवच आहे. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई निम्मेच काम करी. आंबट पदार्थ कळकू नये यासाठी ती होती, दिसण्याचा प्रश्न तेथे नव्हता. आणि आरशाचा पारा उलट निम्मे काम करतो. 'आरसा' हा शब्द 'आदर्श' या संस्कृत शब्दातून आला हे भाषेच्या विद्यार्थ्यास सांगायला नको. पण काचेमागे थर नसता तर तो आदर्श नुसतीच खिडकी राहिला असता.

चष्म्याच्या भिंगावर हे दोन्ही उद्देश एकत्र आले ते प्लास्टिकमुळे. १९४० च्या दशकात अमेरिकेत सीआर-३९ नावाचे कठीण प्लास्टिक निघाले आणि १९४७ नंतर त्याची भिंगे होऊ लागली. काचेच्या निम्म्या वजनाची, पडली तर सहसा न फुटणारी. मात्र ती ओरखडत. येथे पुन्हा औंधकडे वळावे लागेल. माणदेश म्हटले की मराठी वाचकास व्यंकटेश माडगूळकर आठवतात आणि त्यांच्याबरोबर तेथील उन्हाळा आणि फुफाटा. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या धुळीत गारेचे कण असतात. गार काचेहूनही कठीण, मग प्लास्टिकची काय कथा. ओरखडा धूळ बसल्याने पडत नाही, ती पुसल्याने पडतो. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडेच भिंग चोळणे म्हणजे कणकण भिंगावर फिरवून घासणे. म्हणून प्लास्टिकवर प्रथम काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे, वाळूच्याच कुळातल्या सिलिकॉनयुक्त लाखेचे कठीण पूट चढवितात. त्यावर सिलिका आणि झिर्कोनिया किंवा टिटॅनिया यांचे आलटूनपालटून चारसहा थर, चकाकी मिटविण्यासाठी. अगदी वर पाणी आणि तेल न धरणारा एक नखभरही नसलेला थर. एवढे सारे त्या पारदर्शक म्हणविणाऱ्या भिंगावर असते.

हे थर अजिंक्य नाहीत. प्लास्टिक उन्हात फुगते, वरचे खनिज थर तितके फुगत नाहीत. उन्हात उभ्या मोटारीत चष्मा विसरला की भिंगावर वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा येतात. त्या भेगांवर उपाय नाही; ओरखडे टाळण्यासाठी मात्र आधी पाण्याने धुवून मग मऊ कापडाने टिपावे. उन्हात आपोआप काळवंडणारी काच १९६४ साली कॉर्निंग कंपनीने आणली. तिच्यातले चांदीचे क्षार अतिनील किरणांनी काळे पडतात, म्हणून मोटारीच्या काचेआड, जेथे ते किरण अडतात, ती बहुधा उजळच राहते. पडद्याच्या निळ्या प्रकाशापासून रक्षण करणाऱ्या थराची आज मोठी चलती आहे. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा संगणकावर काम करताना डोळ्यांस येणारा थकवा अशा भिंगांनी अल्पकाळात कमी होतो असे बहुधा नाही, असा निष्कर्ष निघाला. 'रक्षक' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो, 'डाग' या शब्दासारखाच.

या इतिहासातून समीक्षेसाठी तयार सूत्र काढण्याचा मोह आम्ही टाळतो, पण एक प्रश्न विचारल्याविना राहवत नाही. गीतेवर ज्ञानेश्वरांनी जे रचले त्यास 'भावार्थदीपिका' असे नाव आहे. मूळ ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये नऊ हजार ओव्यांचा हा थर. यास कोणी आवरण म्हणत नाही. टीका, भाष्य, संपादकाच्या तळटिपा, अनुवाद, यांना मात्र आपण सोयीप्रमाणे कधी दिवा म्हणतो, कधी पडदा. कोणता थर झाकतो आणि कोणता दाखवितो हे त्याच्या असण्यावरून ठरत नसावे. जाडीवरून, आणि तो मूळ व वाचक यांच्या नेमक्या मध्ये बसतो की नाही यावरून ठरत असावे. अनुवादक मूळ लेखकाच्या अगदी जवळ गेला तर मराठी वाचकाला खटकतो, मराठीच्या अगदी जवळ आला तर मूळ हरवते. वर्गमुळाची अट येथेही लागू आहे की काय, असे वाटून जाते. ही उपमा फार ताणू नये. भाषेत वक्रीभवनांक मोजणारे यंत्र नाही.

एवढे मात्र निश्चित की पूर्ण अदृश्यता या थरालाही साधलेली नाही. तो एका रंगासाठी नेमका बसविला की बाकीचे रंग थोडे परततात. म्हणून एकेरी थराच्या भिंगावर जांभळी आणि आजच्या बहुतेक भिंगांवर हिरवट झाक दिसते. जुन्या मासिकांतली लेखकांची छायाचित्रे काढून पाहावीत. 'किर्लोस्कर'च्या काळातले कितीतरी साहित्यिक चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्या खिडक्या घेऊन बसलेले दिसतात. छायाचित्रकाराचा दिवा भिंगात उतरला आहे आणि डोळे दिसत नाहीत. ते टाळण्यासाठी मान किंचित खाली घ्यायला सांगत, नाहीतर चष्मा काढून हातात धरायला लावीत. आजच्या छायाचित्रांत डोळे दिसतात, आणि बुबुळाशेजारी एक लहानसा हिरवा ठिपका.